झाकण लावण्याआधी

थंडी पडली की आमच्या घरात आठवड्यातून एकदा रात्रीचं जेवण म्हणजे मिश्र कडधान्यांचं दाट सूप आणि ज्वारीची भाकरी. माझ्या माहेरी मुगाचं नाहीतर कुळथाचं कढण व्हायचं, पण ते पातळ, एकाच कडधान्याचं, आणि बहुतेक वेळा घरात कुणीतरी आजारी असल्याची खूण. मी करते ते भरभक्कम. वाडगाभर पोटात गेलं की वर भात लागत नाही. भिशीच्या दिवशी मोठा कुकर काढून तेवढं एकच करते. बायका खातात, तोंड भरून वाखाणतात आणि घरी जाऊन करून बघतात. मग फोन सुरू होतात. कुणाचा राजमा दाताखाली कचकचतो, कुणाचा मसूर दिसेनासा होतो, कुणाच्या शिट्टीतून फेस येऊन ओटा, शेगडी, भिंत सगळं माखलेलं असतं.

फोनवर सांगत आले तेच इथे क्रमवार लिहिते. सगळ्याच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. कुकरचं झाकण लागलं की आपले हात बांधले जातात. पातेल्यातलं ढवळता येतं, चाखता येतं, पाणी वाढवता येतं, दाणा बोटात चेपून बघता येतो. कुकरमध्ये यातलं काही जमत नाही. तेव्हा डोकं चालवायचं ते झाकण लावण्याआधी, नाहीतर उघडल्यावर.

१. माल कधीचा आहे ते विचारा

आमच्या वाण्याचं म्हणणं असं, "ताई, राजमा वर्षभर ठेवा नाहीतर दोन वर्षं, राजमाच राहतो." राहतो खरा, पण शिजत नाही. गरम, दमट हवेत कडधान्य महिनोन्‌महिने पडून राहिलं की दाण्यातल्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन बदलतं आणि मग पाणी, उष्णता, वेळ कशालाच दाद देत नाही. आपल्याकडे एक पावसाळा पोत्यात काढलेला माल म्हणजे नेमकी हीच हवा खाल्लेला माल. रंगावरून थोडं कळतं: जुना राजमा काळपट पडतो, जुन्या चवळीवर पिवळसर झाक येते. दाण्याला बारीक भोक दिसलं तर आतला किडा जेवून गेला असं समजावं.

मी राजम्याच्या जागी शक्यतो वाघ्या घेवडा घेते. सातारा जिल्ह्यात, कोरेगावकडे तो पिकतो; अंगावर तांबूस पट्टे असतात म्हणून वाघ्या. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. खरिपाचं पीक, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास नवा माल बाजारात येतो. तेव्हा दोनेक किलो घेऊन ठेवला की थंडी निघते. पट्टे मात्र शिजताना जातात, त्यांची हळहळ करू नये.

नव्या मालातही गणंग दाणे असतातच. त्यांचं साल पाणीच आत घेत नाही. रात्रभर भिजूनही ते तेवढेच बारीक आणि गुळगुळीत राहतात. ओळखायची सोपी रीत म्हणजे भिजलेलं कडधान्य निथळून स्टीलच्या परातीत ओतावं आणि परात हलवावी. फुगलेले दाणे मुकाट्याने सरकतात, गणंग खडखडतात. ऐकून ऐकून उचलायचे आणि टाकून द्यायचे. हे काम कुकर करणार नाही.

२. सगळ्यांना एका माळेत ओवू नका

मिश्र कडधान्यांच्या सुपात खरी मेख आहे ती इथे. बाजारात 'मिक्स कडधान्य' म्हणून पुडी मिळते, मंडईत मोड आणलेलं मिश्रणही मिळतं. उसळीला ते चालतं, कारण उसळीत थोडं कमी-जास्त शिजलेलं खपून जातं. सुपात चालत नाही. भिजवलेल्या राजम्याला प्रेशर आल्यावर पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मटकीचा लगदा होतो आणि मुगाची नुसती सालं तरंगतात.

मी तीन गट करते. पहिला हट्टी: घेवडा किंवा राजमा, छोले, देशी हरभरे. दुसरा मधला: चवळी, अख्खा मसूर, अख्खे मूग, सुके वाटाणे. तिसरा मवाळ: मोड आलेली मटकी, मोड आलेले मूग. पहिला गट भिजवून एकट्यानेच कुकरमध्ये जातो, पंधरा मिनिटं. प्रेशर उतरल्यावर झाकण काढून दुसरा गट घालायचा आणि पुन्हा पाच-सहा मिनिटं. यातला मसूर मी भिजवत नाही, कोरडाच धुऊन घालते, म्हणजे चवळीबरोबर येतो. तिसऱ्या गटाला झाकणाची गरजच नाही. सगळं झाल्यावर उघड्या कुकरमध्ये सात-आठ मिनिटं उकळलं की मोड कुरकुरीत राहतात आणि दाणा मऊ होतो.

दोनदा झाकण लावायचा कंटाळा येतो हे मला मान्य आहे. त्यावर उपाय म्हणजे एकाच गटातली कडधान्यं घेणं. घेवडा, छोले आणि हरभरे घ्या, नाहीतर चवळी, मसूर आणि मूग घ्या. एका झाकणात काम होतं. सूप तेवढं रंगीत दिसत नाही, पण चव कमी पडत नाही. वाटाण्याचं मात्र सांगता येत नाही. एखादा हिरवा वाटाणा चवळीबरोबर येतो, एखादा हरभऱ्यालाही मागे टाकतो. नवी पुडी आणली की मूठभर आधी वेगळी शिजवून बघते.

वाल मी सुपात घालत नाही. भिजवा, मोड आणा, सोला, एवढा घाट घातल्यावर त्या डाळिंब्यांचं बिरडंच व्हावं, राजम्याच्या गर्दीत त्या हरवू नयेत.

प्रमाण विचाराल तर पाच लिटरच्या कुकरला कोरडी कडधान्यं सगळी मिळून दोन वाट्या पुरे, म्हणजे साधारण पाव किलो. घेवडा अर्धी, हरभरे अर्धी, अख्खा मसूर अर्धी, चवळी पाव, मटकी पाव. सहा जणांचं जेवण होतं.

३. भिजवताना मीठ घाला, आणि राजम्याचं पाणी टाका

मिठाने कडधान्य शिजत नाही असं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेलं. आमच्या आईसुद्धा हेच म्हणायच्या. प्रत्यक्षात भिजवण्याच्या पाण्यात मीठ घातलं तर उलटंच होतं. मिठातलं सोडियम सालातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेतं, साल लवचिक होतं, शिजताना फाटत नाही. लिटरभर पाण्याला एक सपाट मोठा चमचा मीठ, आठ-दहा तास, मग निथळून दोन पाण्यांनी धुवायचं. शेजारशेजारी दोन वाडग्यांत भिजवून, एकदम शिजवून बघा. मिठाच्या वाडग्यातले दाणे अख्खे, गुळगुळीत, आत लोण्यासारखे निघतात.

भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं याची दोन कारणं आहेत. एक पोटातला वारा. रॅफिनोज, स्टॅकिओज अशा ज्या साखरा आपल्या आतड्यात पचत नाहीत आणि पुढे जाऊन गॅस करतात, त्या काही प्रमाणात या पाण्यात उतरतात. मोड आणल्यानेही त्या कमी होतात. दुसरं कारण फक्त राजमा-घेवड्याच्या जातीला लागू आहे आणि ते थट्टेवारी नेण्यासारखं नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणे खाल्ले तरी काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळलं की ते नाहीसं होतं. अमेरिकेचं अन्नखातं तर खात्रीसाठी तीस मिनिटं सांगतं. प्रेशर कुकरमध्ये तापमान त्याहून वर जातं, तेव्हा तिथे काळजी नाही.

काळजी आहे ती वेगळ्या भांड्याची. न्यू जर्सीहून आमच्या सूनबाईंचा फोन आला, "आई, इथे स्लो कुकर आहे माझ्याकडे. रात्री त्यात राजमा लावून झोपले तर सकाळी सूप तयार?"

म्हटलं, "अगं, मुळीच नको. ते भांडं उकळत नाही, नुसतं गरम राहतं. आधी गॅसवर चांगला उकळून घे, मग काय हवं ते कर."

ऐंशी अंशांच्या आसपास रेंगाळलेल्या राजम्यात हे विष नाहीसं होत नाही, उलट कच्च्याहून वाढलेलं आढळलं आहे. दाणा वरून मऊ लागतो, म्हणून तर फसगत होते.

एप्रिल-मे महिन्यात रात्रभर बाहेर भिजवलं तर सकाळी पाण्यावर बुडबुडे आणि आंबूस वास येतो. त्या दिवसांत भांडं फ्रिजमध्ये ठेवावं. भिजवायला विसरलं असेल तर पाणी उकळून त्यात कडधान्य दोन मिनिटं उकळावं, झाकून तासभर ठेवावं, पाणी टाकावं, पुढे नेहमीसारखं. रात्रभर भिजवल्याची सर येत नाही, पण वेळ निभावते.

४. सोडा नको

चिमूटभर सोड्याने राजमा लवकर गळतो हे खरं. पण साबणासारखी चव मागे राहते, ब-१ जीवनसत्त्व जातं, आणि कुकरमध्ये सोडा घातलेला दाणा मऊ व्हायचं सोडून फुटतोच. फार जुना माल गळ्यात पडला असेल आणि घरात दुसरं काही नसेल तर भिजवण्याच्या पाण्यात चिमूटभर, आणि मग भरपूर धुवायचं. शिजवताना कधीच नाही.

५. पाणी मोजून घाला, आणि कुठलं घालता ते बघा

पातेल्यात तासभर उकळताना बरंच पाणी वाफ होऊन जातं. कुकरमधून जातं ते शिट्टीबरोबर जेवढं निसटेल तेवढंच. म्हणून पातेल्याच्या पाककृतीतलं पाणी कुकरमध्ये घातलं की कडधान्यांची आंघोळ होते. वर सांगितलेल्या दोन वाट्यांना मी कुकरमध्ये आठ वाट्या पाणी घालते आणि उघडल्यावर दाटपणा बघून वरून उकळतं पाणी वाढवते. वाढवता येतं, काढता येत नाही, आणि काढलं तर चवही त्याबरोबर जाते.

पाणी कुठलं, हेही पाहावं. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम जास्त, आणि कॅल्शियम दाण्याचं पेक्टिन आणखी घट्ट बांधतं. एकाच पुडीतला घेवडा नळाच्या पाण्यात पंधरा मिनिटांत होतो आणि टँकरच्या नाहीतर बोअरच्या पाण्यात पंचवीस मिनिटांनीही खुटखुटीत राहतो. ज्यांच्या किटलीत पांढरा थर जमतो त्यांनी सुपासाठी फिल्टरचं पाणी घ्यावं.

आणखी एक, सूप थेट कुकरच्या भांड्यात करा. वरण-भाताच्या सवयीने राजमा डब्यात लावून खाली पाणी घालणारी कितीतरी घरं मी पाहिली आहेत. शिजतो तोही, पण डबा तापायला वेळ घेतो आणि सगळी मिनिटं चुकतात.

६. आंबट सगळ्यात शेवटी

टोमॅटो, चिंच, आमसूल, लिंबू, यांतलं काहीही कडधान्य पूर्ण शिजल्याशिवाय आत जाता कामा नये. आंबटात दाणा मऊ होत नाही. हॉटेलातल्या पंजाबी राजम्यात टोमॅटो ढीगभर असतो हे बघून कुणी सुरुवातीलाच घालतात. पण तिथेही राजमा आधी वेगळा शिजवूनच मसाल्यात पडतो.

मी दोन टोमॅटो किसून फोडणीत परतते आणि शिजलेल्या कडधान्यांत मिसळते. कोकणातलं माणूस असेल तर तीन-चार आमसुलं. अॅल्युमिनियमचा साधा कुकर असेल तर आंबट घालण्याआधी सूप स्टीलच्या पातेल्यात काढावं. आंबटाने धातू खाल्ला जातो आणि चव कळकते.

आंबट नसलेल्या भाज्या दुसऱ्या झाकणाबरोबर जातात: गाजर, तांबडा भोपळा, दुधी, दोन सेंटिमीटरचे तुकडे. त्याहून लहान चिरले तर नाहीसे होतात. पालक किंवा चाकवत चिरून अगदी शेवटी, गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी.

७. कुकर निम्माच भरा

भात-भाज्यांना कुकर दोनतृतीयांश भरलेला चालतो. कडधान्यांना आणि डाळींना अर्धा, त्याच्या वर नाही. शिजताना त्यांचा फेस होतो, तो फुगून वर येतो आणि वाफेच्या नळीत शिरतो. चवळीचं एक सुटं साल त्या नळीच्या तोंडाशी चिकटलं की वाट बंद. झाकण लावण्याआधी मी झाकण उचलून नळीतून खिडकीकडे बघते. पलीकडचा उजेड गोल, स्वच्छ दिसला तर ठीक. कडेला काळपट चंद्रकोर दिसली तर सुई घालून कोरते, वाहत्या पाण्याखाली धरते. पाच सेकंदांचं काम आहे, पण स्वयंपाकघरात याच्याइतकं मोलाचं काम मला दुसरं माहीत नाही.

पाण्यात चमचाभर तेल घालावं, फेस बसतो. मसूर घातला की पहिल्यांदा झाकण न लावता उकळी येऊ द्यावी आणि वर आलेला करडा फेस झाऱ्याने काढून टाकावा.

वाफ कोंडून हाडं मऊ करण्याचं भांडं डेनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला दाखवलं. जादा वाफ झाली की वजनासकट उचलली जाणारी झडपही त्यानेच बसवली. आपली शिट्टी त्याच घराण्यातली. ती नळी तुंबली किंवा पाणी आटून कुकर तापला तर दुसरी राखण सेफ्टी व्हॉल्व्हची. तो गेला की नवा आणावा तो त्याच कंपनीचा आणि त्याच कुकरचा. रस्त्यावर पाच-दहा रुपये वाचवून 'बसतंय की' म्हणून लावलेला व्हॉल्व्ह हा नुसता बूच असतो. रिंग कडक झाली, तिच्यावर भेगा दिसल्या, झाकणाच्या कडेने वाफ सुटायला लागली की तीही बदलावी. गार पाण्यात बुडवून, फ्रिजमध्ये ठेवून तिच्याकडून दोन दिवस काम काढून घेता येतं. त्याहून जास्त नाही.

८. शिट्ट्या नव्हे, मिनिटं

"किती शिट्ट्या?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि मी त्याचं उत्तर देत नाही. शिट्टी म्हणजे आतला दाब ठरल्यापेक्षा वर गेला आणि वजन उचललं गेलं, एवढंच. आच मोठी असेल तर पाच मिनिटांत सहा शिट्ट्या होतात, बारीक असेल तर वीस मिनिटांत एक. तीन लिटरचा कुकर धडाधड वाजतो, साडेसात लिटरचा दमादमाने. शेजारणीच्या चार शिट्ट्या आणि माझ्या चार शिट्ट्या यांचा एकमेकींशी काही संबंध नाही.

मोठ्या आचेवर पहिली शिट्टी होऊ द्या, मग आच बारीक करा आणि घड्याळ बघा. शिट्टीखाली हलकी सूं-सूं चालू राहिली पाहिजे. ती थांबली तर आच फार कमी झाली, वजन सारखं उडायला लागलं तर फार जास्त. आपल्या घरगुती कुकरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने जास्त असतो आणि त्या दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं. उघड्या पातेल्यात ते शंभराच्या पुढे जात नाही. त्या वीस अंशांवरच सगळी करामत चालते, नाहीतर घेवड्याला सव्वा-दीड तास उकळत बसावं लागलं असतं. आच मोठी ठेवून दाब आणखी वाढत नाही, जास्तीची वाफ शिट्टीतून निघून जाते आणि सिलिंडर लवकर संपतो.

उंचीचाही फरक पडतो. महाबळेश्वर साधारण १३७० मीटरवर आहे, तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. पातेल्यात राजमा शिजवायचा म्हणाल तर रात्र जाईल. कुकरमध्ये फरक थोडा राहतो, पण राहतो. तिथे राहणाऱ्या माझ्या वन्सं प्रत्येक वेळेला दोन-तीन मिनिटं जास्त धरतात. इलेक्ट्रिक कुकरमध्ये दाब आपल्या शिट्टीच्या कुकरपेक्षा बहुधा कमी असतो, म्हणून परदेशातल्या मुलींना मी माझ्या वेळेवर निदान तिसरा हिस्सा वाढवायला सांगते.

९. प्रेशर आपलं आपण उतरू द्या

भूक लागलेली असते, भाकऱ्या झालेल्या असतात, आणि कुकर नळाखाली धरायचा किंवा उलथन्याने शिट्टी उचलायची इच्छा होते. आतलं पाणी १२० अंशांवर आहे. दाब एकदम काढला की ते सगळंच्या सगळं एका क्षणात उसळून उकळतं, दाण्यांची सालं फाटतात आणि फेस नळीतून बाहेर येतो. शिवाय गॅस बंद केल्यावरची ती दहा-पंधरा मिनिटं शिजण्याचीच असतात. घेवड्याचा गाभा तेव्हाच मऊ होतो. दुसऱ्या झाकणाच्या वेळी हाच हिशेब उलटा धरावा: मसूर-चवळीला पाच मिनिटं पुरतात ती या बोनसच्या जोरावर. आठ दिलीत तर उतरेपर्यंत मसूर विरघळतो.

उघडल्यावर चार-पाच ठिकाणचे दाणे डावात घ्या आणि फुंकर मारा. साल सुटून कागदासारखं वळलं तर शिजत आलं. मग एक दाणा जीभ आणि टाळू यांच्यामध्ये धरून दाबा. दात न लावता चिरडला गेला, मधे पिठूळ खडा लागला नाही, की झालं. एकाच दाण्यावर निकाल देऊ नका. पाचांतला एकही खुटखुटीत लागला तर आणखी चार मिनिटं. आणि हे सगळं आंबट घालण्याआधी.

१०. दाटपणा आतूनच येतो

कॉर्नफ्लोअर, मैदा, साय कशाचीही गरज नाही. पहिल्या झाकणानंतर दोन पळ्या घेवडा बाजूला काढा, रवीने किंवा डावाच्या पाठीने चेपा, परत घाला. कडधान्यातलाच पिष्टमय भाग सगळं धरून ठेवतो. मिक्सरमधून पूर्ण फिरवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. मग एवढी पाच कडधान्यं निवडून, भिजवून, गट करून शिजवली कशाला? चमच्यात दाणा दिसला पाहिजे. फार मऊ हवं असेल, घरात दात गेलेली वडीलधारी माणसं असतील, तर मूठभर मुगाची डाळ दुसऱ्या झाकणात घाला, ती पूर्ण विरघळते.

११. फोडणी वरून

आधी फोडणी करून त्यात कडधान्य घालून झाकण लावणारे बरेच आहेत. माझा अनुभव असा की वीस मिनिटांच्या वाफेत लसणाचा, हिंगाचा, कढीपत्त्याचा वास शिट्टीवाटे शेजारच्या घरी जातो आणि सुपात राहत नाही. कुकरमध्ये मी तमालपत्र, आल्याचा तुकडा, हळद आणि मीठ एवढंच घालते. बाकीचं शेवटी: दोन चमचे तूप, जिरं, हिंग, ठेचलेला भरपूर लसूण, कढीपत्ता, बारीक चिरलेला कांदा, मग किसलेला टोमॅटो, आणि तेल सुटल्यावर चमचाभर कांदा-लसूण मसाला. गोडा मसालाही चालतो, पण मग गुळाचा खडा लागतो आणि चव आमटीकडे झुकते. ती आमटी वाईट नसते. पण सूप म्हणून वाडग्यात दिली तर लोक भात मागतात.

कधी कधी ओव्याची फोडणी देते. ही नेपाळकडून उचलली. तिथे श्रावणी पौर्णिमेला, म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेच्याच दिवशी, नऊ तऱ्हेची कडधान्यं मोड आणून त्यांचं दाट कढण करतात, त्याला क्वाँटी म्हणतात. ओवा त्यात हटकून असतो. नऊ कडधान्यांच्या पोटातल्या वाऱ्यावर ओवा, हे गणित तिथल्या बायकांना आणि आपल्या आजीला सारखंच कळलेलं आहे. आपला नारळीभात आणि त्यांचं क्वाँटी एका जेवणात करून बघावं असं दर श्रावणात मनात येतं.

१२. उरलं तर

रात्रभर ओट्यावर ठेवू नये. कडधान्यं पटकन आंबतात, आणि मोठ्या कुकरमधलं सूप आतून तासन्‌तास कोमट राहतं. पसरट भांड्यात काढून गार करावं आणि फ्रिजमध्ये टाकावं. दुसऱ्या दिवशी ते घट्ट, जवळजवळ पिठल्याएवढं झालेलं असतं. आधी उकळतं पाणी घालून सैल करा, मग गरम करा, म्हणजे बुडाला लागत नाही. मीठ पुन्हा चाखा. दुसऱ्या दिवशीची चव पहिल्या दिवसापेक्षा चांगली असते असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे, त्यामुळे मी मुद्दाम जास्तच करते.

तिसऱ्या दिवशी वाडगाभर उरलंच तर त्यात मावेल तेवढी भाजणी, बारीक चिरलेला कांदा आणि कोथिंबीर घालून थालीपिठं लावावीत. पाणी वेगळं लागत नाही. दाणे डावाने चेपून घ्यावेत, नाहीतर थापताना थालीपीठ फाटतं. मीठही घालू नये, सुपातलं पुरतं.